वाटा किती, हे कळण्याचे शिक्षण

एक चतुर्थांशात एक चोविसांश मिळवले तर किती होतात? सहावीच्या मुलाला फळ्यावर घालावे असे हे गणित आहे. छेद चोवीस करावा, एक चतुर्थांशाचे सहा चोविसांश होतात, त्यांत आणखी एक मिळवावा आणि सात चोविसांश हे उत्तर लिहावे. परंतु याच बेरजेसाठी कोल्हापूरच्या शेजारी, सांगलीच्या दिवाणी न्यायालयात, एका विधवेला दावा लावावा लागला. आणि त्या बेरजेवर शेवटचे शिक्कामोर्तब झाले ते एप्रिल १९७८ मध्ये, दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांचा तो निकाल हिंदू वारसा कायद्याच्या अभ्यासात आजही आधारभूत मानला जातो.

खटल्याची हकीकत थोडक्यात अशी. घरचा कर्ता १९६० मध्ये मृत्यू पावला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. १९५६ च्या कायद्याप्रमाणे, कर्त्याच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी एकत्र कुटुंबाची वाटणी झाली असे कल्पावयाचे आणि त्या वाटणीत मृताला जो हिस्सा आला असता तो वारसांत वाटावयाचा. महाराष्ट्रात लागू असलेल्या हिंदू कायद्यानुसार बाप आणि मुलगे यांच्यात वाटणी झाली, तर पत्नीलाही मुलाइतका वाटा मिळतो. म्हणजे काल्पनिक वाटणीत चार हिस्से झाले: बाप, आई आणि दोन मुलगे, प्रत्येकी १/४. बापाचा १/४ सहा वारसांत वाटला, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला १/२४ आला. विधवेचे म्हणणे असे की आपला स्वतःचा १/४ आणि पतीकडून आलेला १/२४ मिळून ७/२४ आपले आहेत. खालच्या न्यायालयाने तिला केवळ १/२४ देऊ केला. उच्च न्यायालयाने ७/२४ मान्य केले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. वाद बेरीज कशी करावयाची हा नव्हताच. बेरजेत कोणती पदे धरावयाची, हा होता.

ही मिळकत तीन एकर शेतजमीन होती असे समजून चालले, म्हणजे आकड्यांना मातीचा रंग येतो. तीन एकर म्हणजे एकशेवीस गुंठे. ७/२४ म्हणजे पस्तीस गुंठे, १/२४ म्हणजे पाच गुंठे. आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी पस्तीस, तीन मुलींना प्रत्येकी पाच. बेरीज बरोबर एकशेवीस. पुढे कायदा बदलला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना जन्मतः सहदायिकीचा हक्क दिला. केंद्राने २००५ मध्ये तो सर्व मुलींना दिला आणि २००५ मध्ये बाप हयात असण्याची आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. आज तशाच कुटुंबात काल्पनिक वाटणीचे हिस्से सात होतील: बाप, आई आणि पाच मुले, प्रत्येकी १/७. बापाचा १/७ सहा वारसांत वाटला की प्रत्येकी १/४२. आता १/७ आणि १/४२ मिळून ७/४२, म्हणजेच १/६. एकशेवीस गुंठ्यांतले वीस. मृत्युपत्र वा आधीची वाटणी नसेल, तर पाच गुंठ्यांची धनीण असलेली मुलगी वीस गुंठ्यांची धनीण झाली.

कायद्याने दिलेले हे पंधरा गुंठे प्रत्यक्षात किती मुलींच्या पदरात पडतात, हा निराळा प्रश्न आहे. बाप गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. भावाचे प्रेम, माहेरची वाट, दिवाळीची साडी या साऱ्यांचा दाब त्या सहीवर असतो. तो दाब गणिताने नाहीसा होणार नाही. पण आपण काय सोडत आहोत याचा आकडा माहीत असून केलेली सही आणि माहीत नसताना केलेली सही यांत फरक आहे. पहिली दान असू शकते. दुसरी केवळ अज्ञान असते. म्हणूनच अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी हा शाळेच्या चार भिंतींत संपणारा विषय नव्हे.

एकाच रेघेचे दोन अर्थ

अपूर्णांकांच्या बेरजेत मुले नेमकी कोठे चुकतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज ती दोन पंचमांश अशी करतात. वरचे वर मिळवतात, खालचे खाली मिळवतात. सांगलीच्या त्या विधवेचा हिशोब या रीतीने केला, तर १/४ आणि १/२४ यांची बेरीज २/२८, म्हणजे १/१४ येईल. नुसता चतुर्थांश होता तेव्हा तिच्याकडे तीस गुंठे होते; त्यात भर घातल्यावर साडेआठ गुंठ्यांहून थोडे अधिक उरले! बेरीज केल्याने वाटा वाढण्याऐवजी घटला, ही गोष्ट उत्तर लिहिणाऱ्या मुलाच्या ध्यानातही येत नाही. कारण त्याच्या दृष्टीने १/४ ही एक संख्या नसून, रेघेच्या वर आणि खाली बसलेल्या दोन स्वतंत्र संख्या आहेत.

या चुकीला केवळ निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. मूल ही रीत शाळेतच, आणि रोज, पाहत असते. मराठीत वीसपैकी पंधरा, गणितात पंचवीसपैकी वीस. प्रगतिपुस्तकात हे १५/२० आणि २०/२५ असे लिहिले जाते आणि खाली एकूण ३५/४५ असे येते. येथे वरचे वर आणि खालचे खाली मिळवले आहेत, आणि ते बरोबर आहे! मग अपूर्णांकांच्या तासाला तीच रीत चूक कशी, हा प्रश्न मुलाने मोठ्याने विचारला नाही तरी त्याच्या मनात असणारच. त्याचे उत्तर देणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि ते उत्तर फार मोलाचे आहे. गुणांच्या बेरजेत पूर्ण वस्तूच वाढत जाते. वीस गुणांच्या कसोटीला पंचवीस गुणांची दुसरी कसोटी जोडली जाते. वाटणीत पूर्ण वस्तू एकच असते. शेत तेवढेच राहते आणि त्याच शेताचे दोन तुकडे एकत्र करावयाचे असतात. रेघ तीच, पण तिच्यामागील पूर्ण निराळे. कशाचा अर्धा, कशाचा तृतीयांश, हा प्रश्न विचारल्यावाचून अपूर्णांकांची बेरीज करताच येत नाही.

छेद समान का करावयाचे, याचेही उत्तर यातच आहे. तीन एकर आणि पाच गुंठे यांची बेरीज आठ होत नाही. आधी एकरांचे गुंठे करावे लागतात. मग एकशेवीस आणि पाच मिळून एकशेपंचवीस गुंठे होतात. चतुर्थांश आणि चोविसांश ही अशीच दोन निरनिराळी मापे आहेत. समच्छेद करणे म्हणजे दोन्ही वाटे एकाच मापाने मोजणे. एवढे समजलेल्या मुलाला लघुतम साधारण विभाज्य हे ओझे वाटत नाही. न समजलेल्या मुलाला मात्र तिरप्या गुणाकाराची फुली पाठ करावी लागते, आणि पाठ केलेली फुली परीक्षेनंतरच्या सुटीत विसरली जाते.

रुपयाचे सोळा आणे

मराठी माणूस अपूर्णांकांना पूर्वापार परका नाही. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे शब्द मराठीत स्वतंत्र संख्यांप्रमाणे वावरतात. देवीची पीठे साडेतीन, आणि त्यांतले एक पूर्ण पीठ कोल्हापूरचे, मुहूर्तही साडेतीन. पंतोजींच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हटली जाई. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनाचा पाढा पाठ करणारी पिढी आज वृद्धापकाळात आहे, आणि भाजीवाल्याचा हिशोब ती अजूनही तोंडी करते.

या परंपरेचे कौतुक करताना तिची एक सोय विसरली जाते. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. शेराची छटाके सोळा. चौथा हिस्सा, सोळावा हिस्सा, चौसष्टावा हिस्सा, असे सारे छेद एकाच कुळातले असत. जुन्या हिशोबांत चौथ्या हिश्शासाठी उभी रेघ आणि आण्यासाठी तिरपी रेघ काढीत. बेरीज करावयाची म्हणजे रेघा मोजावयाच्या आणि चार झाल्या की वरच्या घरात एक न्यावयाचा. म्हणजे समच्छेद करण्याचे कष्ट चलनाने आणि मापांनी आधीच उचललेले होते. अर्ध्यात तृतीयांश मिळवण्याची वेळ पंतोजींच्या विद्यार्थ्यावर क्वचितच येई. शिवाय त्या शाळेची दारे किती जातींना आणि किती मुलींना उघडी होती, हेही विसरता कामा नये. गतकाळ परत आणावा असे म्हणण्यात म्हणून अर्थ नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या कायद्याने वजने आणि मापेही टप्प्याटप्प्याने दशमान झाली. हा बदल योग्यच होता. त्याने व्यापारातील असंख्य घोळ मिटले. पिकांची आणेवारी जाऊन पैसेवारी आली आणि टंचाईची रेषा पन्नास पैशांवर ठरली. पण याचा एक परिणाम असा झाला की अपूर्णांकाला बाजारात असलेले घर मोडले. जे मूल दुकानात पावशेर आणि अदपाव ऐकत वाढत होते, ते अडीचशे ग्रॅम आणि शंभर ग्रॅम ऐकू लागले. त्याच सुमारास शाळेतील अपूर्णांक मात्र अधिक अमूर्त झाला. पाच सप्तमांश आणि तीन अकरांश हे मुलाने कोणाच्याही तोंडून ऐकलेले नसतात. पाव हा शब्द घरचा आहे, सप्तमांश हा फक्त पुस्तकातला. घरचा अपूर्णांक गेला आणि पुस्तकातल्या अपूर्णांकाला नवे घर मिळाले नाही, हे या विषयाचे खरे दुखणे आहे.

दशांश आल्यावर व्यवहारी अपूर्णांकांची गरजच संपली, असेही काहींना वाटते. जमिनीच्या मोजणीपुढे हे म्हणणे टिकत नाही. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत येते. एक हेक्टरचे तीन समान वाटे दशांशात केले, तर प्रत्येकी ३३.३३ आर होतात आणि तिन्हींची बेरीज ९९.९९ आर भरते. उरलेला एक चौरस मीटर कोणाचा? एक तृतीयांश असे लिहिले तर काहीच उरत नाही. दशांश हे मोजण्याचे उत्तम साधन आहे; हक्क सांगण्याची भाषा मात्र अजूनही अंश आणि छेद यांचीच आहे.

मुस्लिम कायद्यात तर वारसांचे हिस्से अपूर्णांकांतच ठरवून दिलेले आहेत. नवव्या शतकात बगदादमध्ये अल् ख्वारिज्मीने बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या उदाहरणांनी व्यापलेला आहे. मुले नसलेली स्त्री पती आणि दोन सख्ख्या बहिणी मागे ठेवून गेली, तर सुन्नी शास्त्राप्रमाणे पतीचा अर्धा आणि बहिणींचे मिळून दोन तृतीयांश. बेरीज ७/६, म्हणजे मिळकतीपेक्षा अधिक! शास्त्रज्ञांनी यावर तोड काढली ती छेद वाढवण्याची: पतीला ३/७ आणि बहिणींना ४/७. हक्कांची बेरीज पूर्णापेक्षा जास्त झाली तर प्रत्येकाने प्रमाणात माघार घ्यावयाची, हे तत्त्व त्यांना अपूर्णांकांच्या बेरजेने शिकवले.

गोखले आणि शाहू महाराज

अंकगणित आणि सार्वजनिक जीवन यांचे नाते कोल्हापूरला नवे नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांचे शिक्षण कागल आणि कोल्हापूर येथे झाले. राजाराम महाविद्यालयाचे ते विद्यार्थी. पुण्यात शिक्षकी पेशा पत्करल्यावर त्यांनी शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक तयार केले आणि ते अनेक वर्षे चालले. हाच अंकगणिताचा शिक्षक १९०२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात उभा राहिला आणि सरकारच्या अंदाजपत्रकातील शिलकेचे त्याने विच्छेदन केले. दुष्काळाने पिचलेल्या देशात शिल्लक दिसते, याचा अर्थ करच जास्त आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. आकडे सरकारचेच होते. प्रश्न तेवढे गोखल्यांचे होते.

त्याच गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले, आणि १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. ब्रिटिश हिंदुस्थानात जे झाले नाही ते पाच वर्षांनी कोल्हापूर संस्थानात झाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. ज्यांच्या बापजाद्यांना हिशोबाची वही उघडताही येत नव्हती, त्यांच्या मुलांना अक्षर आणि अंक शिकवणे हा त्या सक्तीचा हेतू होता. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणारा माणूस आपल्या कर्जाचा आकडा वाचू लागला, तर समाजातील सत्तेचा तोल बदलतो, हे त्या राजाने ओळखले होते.

दाखला आहे, शिक्षण कोठे?

आज शाळेचे दार सर्वांना उघडे आहे. प्रश्न आहे तो आत गेल्यावर काय हाती लागते याचा. ग्रामीण भारतातील मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे, तिसरीतील सुमारे चौतीस टक्के मुलांनाच हातच्याची वजाबाकी करता येत होती. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे पाचवीतील सुमारे एकतीस टक्क्यांना, तर आठवीतील सुमारे शेहेचाळीस टक्क्यांना जमत होते. या पाहणीत अपूर्णांकांची बेरीज विचारलेली नव्हती. पण ज्याला भागाकार येत नाही त्याला सममूल्य अपूर्णांक कसा उमगणार? २०२१ मध्ये केंद्राने सुरू केलेली ‘निपुण भारत’ मोहीम पायाभूत अंकज्ञानाचे उद्दिष्ट तिसरीपर्यंत ठेवते. भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी त्यानंतर, पाचवी-सहावीच्या सुमारास येते. म्हणजे मोहीम जेथे थांबते तेथूनच हा चढ सुरू होतो.

हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. सांगलीच्या खटल्याचा निकाल लागला त्याच वर्षी, १९७८ मध्ये, अमेरिकेतील राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजाने कशाच्या जवळ येईल असे विचारले होते. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक, म्हणून उत्तर दोन. पण ते सुमारे एक चतुर्थांश मुलांनीच दिले. निम्म्याहून अधिकांनी एकोणीस किंवा एकवीस निवडले. वरचे वर मिळवले की एकोणीस, खालचे खाली मिळवले की एकवीस! संपन्न देशाच्या सुसज्ज शाळाही या जागी अडखळल्या. रॉबर्ट सीगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन येथील दीर्घकालीन माहितीवरून असे दाखवले की, दहाव्या वर्षी अपूर्णांक आणि भागाकार किती समजला आहे यावरून पुढील माध्यमिक वर्गांतील गणिताचे यश सांगता येते. घरचे उत्पन्न आणि बुद्ध्यंक यांचा परिणाम वजा करूनही. दहावीला गणितात नापास होणारा विद्यार्थी पुष्कळदा पाचवीतच मागे राहिलेला असतो.

उसाच्या बिलातील छेद

कोल्हापूर जिल्ह्यात ऊस पिकवणाऱ्या घराला अपूर्णांकांची गाठ दर हंगामात पडते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्यास ३.४६ रुपये असा किमान दर ठरवला. एखाद्या कारखान्याचा उतारा सव्वाबारा टक्के धरला गेला, तर फरक दोनाचा. दोन टक्के जास्त म्हणजे ३५५ रुपयांच्या दोन टक्के, सात रुपये दहा पैसे, असे समजणारा माणूस साफ फसेल. सव्वादहा आणि सव्वाबारा यांतील अंतरात ०.१ च्या वीस पायऱ्या आहेत. वीस वेळा ३.४६ म्हणजे ६९.२० रुपये. क्विंटलला ४२४.२० रुपये, टनाला ४,२४२ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा व्हावयाची. सात रुपये आणि एकोणसत्तर रुपये यांतील तफावत निव्वळ छेदाची आहे. उताऱ्याचे टक्के उसाच्या वजनावर असतात. भावातील वाढीचे टक्के मूळ भावावर. सव्वादहाच्या तुलनेत दोन म्हणजे जवळजवळ साडेएकोणीस टक्के, आणि भावही तेवढाच वाढतो.

पगारदारांचेही तेच. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जानेवारी २०२५ पासून त्रेपन्न टक्क्यांवरून पंचावन्न टक्के झाला. दोन्ही टक्के मूळ वेतनावरच आहेत. छेद समान, म्हणून त्रेपन्न अधिक दोन ही सरळ बेरीज योग्य. परंतु एखाद्या वस्तूचा भाव यंदा दहा टक्के आणि पुढच्या वर्षी दहा टक्के वाढला, तर एकूण वाढ वीस नसून एकवीस टक्के होते, कारण दुसऱ्या दहाचा छेद बदललेला असतो. शंभराचा भाव दहा टक्क्यांनी वाढून पुन्हा दहा टक्क्यांनी उतरला, तर तो शंभरावर येत नाही, नव्याण्णवावर येतो. जाहिरातींतील सवलती, कर्जाचे व्याज, निवडणुकीतील मतांचे टक्के, अंदाजपत्रकातील वाढ हे सारे अपूर्णांकच आहेत. त्यांची रेघ आणि छेद दिसत नाहीत, इतकेच. आणि न दिसणारा छेद हेच फसवणुकीचे आवडते साधन असते.

करावयाचे काय?

शिक्षकाला या विषयासाठी महागडी साधने लागत नाहीत. कोल्हापूरच्या मुलाला एकर ठाऊक असतो. चौकटीच्या कागदावर आठ गुणिले पाच असा आयत काढला की चाळीस गुंठ्यांचा एकर तयार होतो. त्याचा चतुर्थांश दहा चौकटी, पंचमांश आठ. दोहोंची बेरीज अठरा, म्हणजे १८/४०, अर्थात ९/२०. समच्छेद करणे येथे डोळ्यांना दिसते. एकराचे तीन समान वाटे करू गेल्यास चौकटी तुटतात, आणि मग तीन एकरांचा, एकशेवीस चौकटींचा कागद का सोयीचा, हे मुले आपणहून सांगतात. लघुतम साधारण विभाज्य शिकवण्याची याहून चांगली वेळ कोणती?

दुसरी गोष्ट अंदाजाची. उत्तर काढण्यापूर्वी ते अर्ध्याहून अधिक की कमी, एकाच्या अलीकडे की पलीकडे, हे प्रत्येक उदाहरणात विचारले जावे. संख्यारेषेवर अपूर्णांकाची जागा दाखवता आली, तर अर्धा आणि तृतीयांश यांची बेरीज २/५ लिहिताना हात आपोआप थबकतो. कारण २/५ हे अर्ध्याहूनही कमी आहेत. तिसरी गोष्ट, वरच्या वर्गांत सातबारा, वारसनोंद, ऊसबिल, वेतनपत्रक यांचे काल्पनिक नमुने गणिताच्या तासाला वाचले जावेत. मुलींच्या वर्गात वारसाहक्काचे उदाहरण सोडवले गेले, तर गणित आणि नागरिकशास्त्र यांची भेट एकाच फळ्यावर होईल.

यातला खरा अडसर परीक्षेचा आहे. शिष्यवृत्तीच्या तयारीत मिनिटाला एक प्रश्न सोडवण्याच्या युक्त्या घोटल्या जातात आणि चारांतून एक पर्याय हेरण्याचे कसब म्हणजेच गणित, अशी पालकांचीही समजूत होते. हुशार मुले त्यातून तरून जातात. मागच्या बाकावरची मुले युक्ती विसरली की रिकाम्या हाताने उरतात. उत्तर का बरोबर, हे दोन वाक्यांत लिहावयास सांगणारा एक तरी प्रश्न प्रत्येक चाचणीत असला, तरच वर्गातील शिकवणे बदलेल. त्यासाठी शिक्षकाला वह्या तपासण्यास वेळ हवा. शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारण एवढीच शिक्षणेतर कामे शिक्षकांवर सोपवण्यास मुभा दिली आहे. ती मर्यादा शासनाने स्वतः काटेकोर पाळली, तरी पुष्कळ साधेल.

खिशातील मोबाइल हे सारे क्षणात करून देतो, असा आक्षेप येईल. करून देतो, हे खरे. पण कोणत्या दोन अपूर्णांकांची बेरीज करावयाची, हे यंत्राला सांगावे लागते. सांगलीच्या खटल्यात तज्ज्ञ वकील आणि विद्वान न्यायाधीश यांच्यात मतभेद झाला तो याच प्रश्नावर. यंत्रात १/२४ घातला तर ते १/२४ च सांगेल. आपला १/४ घालावयाचा राहिला आहे, हे ज्याचा हक्क आहे त्यालाच कळावे लागते.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या संस्थानाने प्रत्येक मुलाला शाळेत बसवण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. ती शाळेत बसलेली मुलगी पुढे वारसनोंदीच्या कागदापुढे बसेल, तेव्हा त्यावरील आकडा तिला वाचता आणि पडताळता यावा, इतकी अपेक्षा त्या शिक्षणाकडून करणे अवाजवी नाही. त्या सक्तीचे उरलेले काम हेच आहे, आणि त्याची सुरुवात पाचवीच्या वर्गात, कशाचा अर्धा, या प्रश्नाने करता येते.